उष्टं पान

"मॅडम, गवताला खाल्लेलं आवडतं का?"

प्रश्न विचारून मायाक्का लवटे खाली बसली नाही. बसली असती तर पैज हरली असती. शर्वी पिसेनं अटच तशी घातली होती. प्रश्न विचारायचा, उभं राहायचं आणि उत्तर मिळेपर्यंत दात दाखवायचे नाहीत. जिंकली तर शर्वीच्या डब्यातले शेंगदाण्याचे दोन्ही लाडू तिचे. रुहाना मुलाणीनं साक्षीदार म्हणून गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर सहीसुद्धा ठोकली होती.

वर्गात एकच हशा पिकला. मुख्याध्यापक बोबडे सरांनी असे डोळे वटारले, की पहिल्या बाकावरची दोन पोरं उगाचच उभी राहिली. सरांचंही बरोबरच होतं म्हणा. दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं तरी हिवरमाळच्या शाळेत पाहुणा यायचा तो तीन वर्षांतून एकदा. आज चक्क एक शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या, आणि त्यांना विचारायचं काय, तर हे!

डॉ. मृणाल केंजळे मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि या उंच, सडपातळ, दोन वेण्यांच्या मुलीकडे नीट बघितलं.

"नाव काय गं तुझं?"

"मायाक्का बिरदेव लवटे, इयत्ता नववी. आमची एकशे चाळीस मेंढरं आहेत."

"मग तुलाच माहीत असणार. तुला काय वाटतं?"

आता हे पैजेत नव्हतं. पण मायाक्काचं एक होतं. गेल्या दिवाळीपर्यंत ती वर्गात तोंड उघडत नव्हती. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती चुकून दुसरी आली, आणि तेव्हापासून तिचं तोंड बंद व्हायचं नाव घेत नव्हतं.

"मला वाटतं, नसणार आवडत," ती म्हणाली. "पण मग आमच्या माळाचं काय झालं? गावानं पाच वर्षं चराईबंदी केली. एक मेंढरू आत सोडलं नाही. गवत कसं कमरेएवढं व्हायला पाहिजे होतं! तर मारवेल गेलं, पवना गेला आणि राहिलं काय? कुसळ. कडेनं चरणाऱ्या मेंढराच्या तोंडात घुसतं, डोळ्यात घुसतं, आमच्या सलवारीत घुसतं. कुणी खाल्लं नाही तरी गवत रुसलं कशाला?"

बाई फळ्याकडे वळल्या. त्यांनी खडूनं गवताचा एक फुटवा काढला. खाली बुडखा, त्यातून निघालेली तीन पानं.

"पान म्हणजे गवताची चूल," त्या म्हणाल्या. "उन्हावर त्याचं जेवण तिथं शिजतं. मेंढीनं पान खाल्लं की चूल गेली. मग गवत काय करतं? बुडख्यात आणि मुळांत साखर साठवलेली असते, ती खर्चून पहिलं पान उभं करतं. तेव्हा ते अगदी अशक्त असतं. दुसरं पान आलं की स्वतःपुरतं शिजायला लागतं. तिसरं आलं की साठवण पुन्हा भरते. ही खरी वेळ तोंड लावायची. त्याआधी पुन्हा खाल्लं, तर मुळं झडतात. आणि फार उशीर केला, तर चौथं पान येताना पहिलं मरतं. काड्या ताठ होतात, खाली उजेड पोचत नाही, नवे फुटवे येत नाहीत. तुमच्या मारवेलचं तेच झालं. वाळल्या काड्यांच्या गर्दीत गुदमरलं बिचारं, आणि कुसळाचं फावलं."

"म्हणजे केस कापण्यासारखं!" मायाक्का ओरडलीच. "रोज कापले तर टक्कल, आणि कधीच नाही कापले तर जटा!"

बोबडे सरांचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला. त्यावर वर्ग जो हसला, तो घंटा होईपर्यंत थांबला नाही.

लाडू दोन्ही मिळाले. एक तिनं रुहानाला दिला, साक्षीदाराची फी म्हणून.

*

केंजळे बाई काही नुसत्या भाषणाला आल्या नव्हत्या. त्यांनी एक यंत्रणा आणली होती. तिचं कागदोपत्री नाव 'तृणमित्र'. पोरांनी चार दिवसांत त्याचं 'गवत्या' करून टाकलं, आणि महिन्याभरात सरपंचसुद्धा गवत्याच म्हणू लागल्या.

गवत्याचं काम असं. हिवरमाळाच्या चोवीस पट्ट्या पाडल्या. कुठं भिंत नाही, तार नाही, चर नाही. पट्ट्या फक्त नकाशात. गावातल्या सगळ्या मेंढरा-बकऱ्यांच्या गळ्यात एकेक पट्टा, वर नखाएवढं सौर पान. रोज सकाळी मेंढपाळाच्या फोनवर गवत्या बोलायचा : "आज पट्टी क्रमांक अकरा." कळप अकराच्या कडेला पोचला की गळपट्टा 'टुंग' करायचा. आणखी पुढं गेला की जोरात 'टुंग टुंग'. तरीही एखादी शहाणी पुढं घुसलीच, तर मुंगी चावल्यासारखा एक झटका. आठ दिवसांत मेंढरं शिकली. बारा दिवसांत बकऱ्यासुद्धा शिकल्या, आणि बकऱ्या शिकल्यावर गावाचा विश्वास बसला.

पण कुठली पट्टी कधी उघडायची, हे गवत्याला कसं कळणार? उपग्रहाला वरून फक्त हिरवं दिसतं. ते हिरवं कोवळं की जून, पान दुसरं की तिसरं, हे त्याला दिसत नाही, आणि पावसाळ्यात ढग आले की तेही नाही. म्हणून खाली माणसं लागायची. प्रत्येक पट्टीत रंगीत दोरा बांधलेले वीस फुटवे. त्यांची पानं मोजायची आणि फोनला सांगायची. त्या आकड्यांवरून गवत्या वरचं हिरवं वाचायला शिकायचा. गवत तिसऱ्या पानावर आलं की पट्टी उघडायची. मूठभर उंची शिल्लक राहिली की बंद.

पहिल्या वर्षी बाईंचे विद्यार्थी मुक्कामाला राहून मोजत होते. काय ते वर्ष! चराईबंदी उठली, मेंढरं आत गेली आणि माळ ओसाड होण्याऐवजी हिरवा झाला. पवना परत आला. ओढ्याच्या अंगाला मारवेल इतकं दाट, की शर्वीची चप्पल त्यात हरवली ती सापडली नाही.

दुसऱ्या वर्षी विद्यार्थी परत गेले आणि मोजणी गावाकडं आली. जाताना बाईंनी फोनवर एक सूचना ठेवली : 'फक्त पूर्ण पानं मोजा.' अकरा पोरं निवडली, आणि पानमोजणी प्रमुख म्हणून मायाक्का लवटे. तिला हिरवा बिल्ला मिळाला. तो ती झोपतानाही काढत नव्हती, असं तिची आई सारिका सगळ्या आळीला सांगत सुटली होती.

बिल्ल्याचा त्रास झाला तो तिच्या वडिलांना.

बिरदेव लवटे म्हणजे माळाचा माणूस. कुठल्या उतारावर सकाळी जायचं, कुठं दुपारी, हे तो पायानं ठरवायचा. चप्पल काढून गवतात चार पावलं टाकायची आणि "चला" म्हणायचं, की झालं. त्याची हाळी ऐकली की एकशे चाळीस मुंडकी एकदम वळायची. आता ती 'टुंग' ऐकून वळत होती.

"मग मला कशाला ठिवलंय?" हिवराच्या सावलीत बसून तो एकदा बायकोला म्हणाला. "राखायचं काम त्यो गवत्या करतोय. माझ्या बी गळ्यात एक पट्टा बांध म्हणावं. च्याची येळ झाली की टुंग वाजवा."

"बांधला तर बरंच हुईल," सारिका म्हणाली. "पारावर बसायला गेलास की टुंग वाजंल, आन् दुसऱ्या टुंगला घरी येशील."

ऐन श्रावणात तो लेकीला एकदा म्हणाला होता, "मायाक्के, धा नंबर जून झालंय गं. उघडाय सांग."

"नाही आण्णा. दहा नंबर अजून दोन पानांवर आहे. मी स्वतः मोजलंय."

"माझ्या पायाला टोचतंय, बाय."

"पायाला काय कळतं!" ती म्हणाली आणि पुढं निघून गेली. बोलायला वेळ नव्हता. अजून सहा पट्ट्या मोजायच्या होत्या.

*

भाद्रपदात कुसळानं डोकं वर काढलं. बघता बघता कोकरांच्या लोकरीत काटे दिसू लागले. बंद पट्ट्यांमध्ये वाळक्या काड्या उभ्या, आणि उघड्या पट्ट्या जमिनीसरशी खरवडलेल्या. आणि एका बुधवारी सकाळी गवत्या सगळ्या मेंढपाळांच्या फोनवर बोलला, नेहमीच्याच गोड आवाजात :

"गवताची वाढ मंद आहे. माळावरचा भार जास्त आहे. मेंढरांची संख्या एक तृतीयांशानं कमी करावी. ग्रामसभेच्या मंजुरीसाठी शिफारस पाठवली आहे."

ग्रामसभा रविवारी. बिरदेवनं मंजुरीची वाट पाहिली नाही. शब्द पाळणारा माणूस. गावाबरोबर गवत्याचं म्हणणं मान्य करायचं ठरलं होतं, म्हणजे ठरलं होतं. त्यानं गेरू कालवला आणि एकेक मेंढी पुढं घेऊन पाठीवर बोट ओढायला सुरुवात केली. तांबडी रेघ म्हणजे सोमवारी व्यापाऱ्याच्या गाडीत. सत्तेचाळीस रेघा. मधेच तो एका पाठीवर बोट टेकवायचा, उचलायचा, दुसरीकडं वळायचा आणि परत पहिलीपाशी यायचा.

सारिका दारात उभी राहून बघत होती. मग नवऱ्याला सोडून लेकीकडं वळली.

"पानं तूच मोजलीस न्हवं?"

"हो."

"नीट मोजलीस?"

"आई! मी प्रमुख आहे!"

"म्हणून तर इचारतेय," सारिका म्हणाली आणि आत गेली.

*

शुक्रवारी मोजणीच्या तुकडीतला एक मुलगा तापानं पडला. बदली म्हणून रुहाना आली. तिच्या अब्बांचं टायर पंक्चरचं दुकान. गवताशी तिचा संबंध साक्षीदारापुरताच. पण हौस दांडगी. सात नंबरच्या पट्टीत ती उकिडवी बसली, निळा दोरा बांधलेला फुटवा दोन बोटांत धरला आणि फोनला म्हणाली, "तीन."

"दोन," मायाक्का वरून म्हणाली.

"तीन गं. हे एक, हे दोन, हे तीन."

"ते धरायचं नाही. त्याचं टोक बघ. मेंढीनं खाल्लेलं आहे."

"मग काय झालं? पान ते पानच की."

"उष्टं आहे ते!" मायाक्कानं शाळेतल्या बाईंसारखा आवाज काढला. "उष्टं कोण मोजतं? मॅडमनी काय सांगितलंय? फक्त पूर्ण पानं."

रुहानानं मान वर केली. "आमच्या दुकानात पंक्चर काढलेली टूब असते. आमचे अब्बा तिला टूबच म्हणतात. चालते पण ती."

मायाक्का पुढं काहीतरी फटकन बोलणार होती. पण तिची नजर त्या पानावर गेली. टोक तुटलेलं, सरळ कापल्यासारखं. पण खालून ते हिरवंगार वाढत होतं. रुंद होतं. ऊन त्याच्यावर पडलं होतं, बाकीच्या दोघांवर पडलं होतं तितकंच.

तिनं पुढचा फुटवा धरला. दोन पूर्ण, एक उष्टं. त्याच्या पुढचा. दोन पूर्ण, एक उष्टं. मग ती उठून दहा नंबरमध्ये पळाली. तिथं दोन पूर्ण होती, दोन उष्टी आणि सर्वांत खाली एक पिवळं मेलेलं. चार पानं होऊन गेलेली! आणि परवाही आकडा सांगितला होता श्रावणातलाच : दोन.

तिनं तिथूनच बाईंना फोन लावला.

"मॅडम, पूर्ण पान म्हणजे काय?"

"पूर्ण उलगडलेलं. जे अजून कोंबात गुंडाळलेलं आहे ते सोडायचं. का गं?"

"आणि उष्टं पान?"

"कसलं पान?"

"मेंढीनं टोक खाल्लेलं."

"ते धरायचंच. अर्धं असलं तरी त्याची चूल पेटलेली असते."

मायाक्कानं डोळे मिटून घेतले. "मॅडम, आम्ही धरलंच नाही. अकरा पोरांनी मोसमभर. आम्हाला वाटलं, पूर्ण म्हणजे कुणी तोंड न लावलेलं. उष्टं आम्ही देवापुढं ठेवत नाही, पाहुण्याला देत नाही. मग शास्त्राला कसं देणार?"

मग बाई हळूच म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. मी 'पूर्ण' लिहिलं आणि मला वाटलं, जगात त्याचा एकच अर्थ आहे." मग त्यांचा आवाज भराभर धावू लागला. "म्हणजे बघ. तिसरं पान आलेलं असताना गवत्याला दोनच ऐकू येत होती. तो प्रत्येक पट्टी आठ-दहा दिवस जास्त बंद ठेवत होता. तिथलं गवत म्हातारं झालं. आणि उघडायला पट्ट्याच कमी, म्हणून उघड्या पट्टीवर मेंढरं दोनाऐवजी चार दिवस राहिली. नुकता फुटलेला कोंब त्यांनी दुसऱ्यांदा खाल्ला. एकीकडं उपासमार, एकीकडं म्हातारपण. गवत्याला वाटलं, माळच थकलाय."

"मेंढरं जास्त नाहीत?"

"कदाचित नाहीत. पण मायाक्का, तुझ्या एका फोनवर मला शिफारस मागं घेता येणार नाही. गवत्या आकड्यांवर शिकलाय, त्याला आकड्यांनीच परत शिकवावं लागेल."

फोन ठेवून मायाक्का दहा नंबरच्या मधोमध उभी राहिली. मग तिनं सॅंडल काढले आणि चार पावलं टाकली. टोचलं. चांगलंच टोचलं.

आण्णांच्या पायाला श्रावणातच कळलं होतं.

*

"गप बसायचं," बिरदेव म्हणाला.

त्या संध्याकाळी तिनं आधी माफी मागितली होती, मग सगळं सांगितलं होतं. त्यानं ऐकूनही घेतलं. 'जून' म्हटलेलं खरं निघालं, म्हणून मिशीतल्या मिशीत थोडा सुखावलासुद्धा. पण पुढचं ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"ग्रामसभेत बोलायचं न्हाय. लोक काय म्हणतील? बिऱ्याची मेंढरं जायची येळ आली, तवा बिऱ्याच्या पोरीनं आकडा फिरवला. सत्तेचाळीस गेली तर गेली. पुन्यांदा हुतील. नाव गेलं तर न्हाय यायचं."

"पण आण्णा, आकडा खोटा आहे!"

"मोसमभर खरा हुता, आन् गेरू लावल्यावर खोटा झाला?"

याला उत्तर होतं, पण ते शास्त्राचं होतं. बापाच्या प्रश्नाचं नव्हतं.

*

रविवारी ग्रामसभेला बिरदेव गेला नाही. लाजेनं नव्हे, मेंढरं होती म्हणून, असं त्यानं सांगितलं. सारिकाही कोकरांचे काटे काढायला माळावरच थांबली. मायाक्का एकटी गेली. घरातून निघताना तिनं हिरवा बिल्ला काढून खिशात टाकला.

सरपंच मंगलताई हाके शिफारस वाचत होत्या. वाचून संपायच्या आत मायाक्का उभी राहिली.

"ताई, ते कमी करायचं राहू द्या. चूक मेंढरांची नाही, माझी आहे."

आणि तिनं सांगितलं. पूर्ण पान, उष्टं पान, सात नंबर, दहा नंबर. बिल्ला टेबलावर ठेवला. मध्ये कुणी हसलं, कुणी 'अरारा' केलं. इतर पोरांच्या आयांनी आपापल्या पोरांकडं बघितलं. पोरांनी माना डोलावल्या : व्हय, आम्ही बी उष्टं सोडलं.

मग नाना पिसे उठले. शर्वीचे चुलत आजोबा. त्यांच्याकडं एक मेंढरू नव्हतं आणि चराईबंदी परत यावी म्हणून ते दर सभेला उठायचे.

"पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "बापाच्या मेंढरांवर गेरू चढला, तवाच बरूबर हुशार झाली."

हेच ते. आण्णांनी सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द.

मायाक्काचे कान लाल झाले. पण आवाज तसाच राहिला. "नाना, बरोबर बोललात. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. माझा आकडा एकदा चुकलाय. तुम्ही स्वतः या माळावर आणि मोजा. बोटं आहेत ना पाच?"

"पोरी!" बोबडे सर सभेचं इतिवृत्त लिहिता लिहिता दटावून म्हणाले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

मंगलताईंनी केंजळे बाईंना फोन लावून स्पीकर चालू केला. बाईंनी साधाच मार्ग सांगितला. सात नंबरची पट्टी आज खऱ्या तिसऱ्या पानावर आहे. तिच्यावर एक कळप सोडायचा. मूठभर उंची राहिली की दोन दिवसांत बाहेर. मग उष्टी पानं धरून मोजायचं. माळ धडधाकट असेल तर तीन पानांना बावीस दिवस पुरतात; बाविसाव्या दिवशी तिसरं पान परत आलं, तर गवत्या चुकीचं शिकलाय हे सिद्ध होईल आणि कुणाचीच मेंढरं कमी करायला नकोत.

"आन् न्हाय आलं तर?" नानांनी विचारलं.

"तर गवत्या खरा. पट्टी लवकर खाल्ल्यानं माळाचं नुकसान झालेलं असेल."

मंगलताईंनी सभेकडं बघितलं. "मग असं करूया. बाकीच्यांची कपात बावीस दिवस थांबवते. पण ज्याचा कळप सात नंबरवर जाईल, त्यानं जबाबदारी घ्यायची. गवत आलं नाही, तर त्याचा अख्खा कळप यंदा माळाबाहेर. कोण सोडतंय?"

सभेत नऊ कळपांचे मालक होते. नऊ जण आपापल्या पायाकडं बघत बसले. एक तृतीयांश जाणं वेगळं आणि सगळं जाणं वेगळं.

"आम्ही," मायाक्का म्हणाली.

"तू कोण? कळप तुझ्या बापाचा आहे," मंगलताई म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. "जा, विचारून ये. दुपारी चारपर्यंत सभा थांबेल."

शर्वी आणि रुहाना दारापर्यंत तिच्या मागं आल्या. "अख्खा कळप?" शर्वी कुजबुजली. "तुला खात्री आहे?"

"पानांची आहे."

"आणि आण्णांची?"

मायाक्का माळाच्या दिशेनं पळत सुटली.

*

माळावर ऊन कलायला लागलं होतं. सारिका मांडीवर कोकरू घेऊन त्याच्या लोकरीतलं एकेक कुसळ नखानं उपटत होती. बिरदेव काठीवर हनुवटी टेकून उभा होता. लेक धापा टाकत येताना त्यानं लांबूनच पाहिली.

"बोललीस न्हवं?" तो म्हणाला.

"बोलले."

"मग म्हणाले लोक?"

"म्हणाले. अगदी तुम्ही सांगितलं तसंच म्हणाले. नाना पिसे म्हणाले. ऐकून घेतलं, मेले नाही."

सारिकाचं नख थांबलं. "बिल्ला कुठाय तुझा?"

"परत दिला. आई, आण्णा, मला तुम्हाला विचारायला पाठवलंय. वाटेत येताना मी कसं विचारायचं ते पाठपण करत होते. पण आता विचारत नाही, सांगते." तिनं एक श्वास घेतला, पोटापर्यंत. "उद्या सकाळी आपली सगळीच्या सगळी एकशे चाळीस मेंढरं सात नंबरवर जाणार. दोन दिवस चरणार आणि बाहेर. बाविसाव्या दिवशी तिसरं पान आलं, तर गावातल्या कुणाचंच मेंढरू विकावं लागणार नाही. नाही आलं, तर आपला सगळा कळप माळ सोडणार. एकही राहणार नाही."

"मायाक्के..." बिरदेवची हनुवटी काठीवरून उचलली गेली.

"थांबा, संपलं नाही. पानं मी मोजणार नाही. त्या पट्टीत पायसुद्धा ठेवणार नाही. रुहाना मोजेल, आणि तिच्या शेजारी नाना पिसे बसतील, मीच म्हणणार आहे त्यांना. म्हणजे बिऱ्याच्या पोरीनं आकडा फिरवला, असं म्हणायला कुणाचं तोंड उरणार नाही. त्या दोन दिवसांत कळप कधी बाहेर काढायचा ते गवत्या नाही सांगणार, तुम्ही सांगायचं. चप्पल काढून. व्यापाऱ्याला मी फोन केलाय, सोमवारी येऊ नका म्हणून."

"आन् गवत आलं न्हाय तर गं?" सारिकानं विचारलं. "एकशे चाळीस मेंढरं घेऊन तुझ्या बापानं जायाचं कुठं?"

"कोकणात. पूर्वी जायचे तसे, चालत. आणि आण्णा एकटे नाही जाणार, आई. कळपाच्या पुढं मी चालणार. वर्ष बुडलं तर बुडलं. बोबडे सरांना वाटेतूनच फोनवर तसं कळवलंय."

बिरदेवनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाला, "मग चारच्या आत जा, सभेला सांग."